प्रेसला मोटर

शारजाबाहेरच्या एका नेमबाजी क्लबात मी कामाला होतो. उडालेल्या काडतुसांची फुगलेली पितळी नळकांडी पुन्हा भरता यावीत म्हणून हातप्रेसमध्ये दाबून मापात आणायची, हे माझं काम. दिवसभर दांडा ओढून खांदा भरून यायचा. शेवटी मॅनेजरनं प्रेसला मोटर बसवायला दुबईच्या अल क्वोजमधल्या वर्कशॉपांतून एक मेकॅनिक आणला.

माणूस मालवणकडचा. कानात कापसाचे बोळे होते, तरी बाहेर बार झाला की दचकायचा आणि "काय नाय गो" म्हणत मोटरलाच थोपटायचा.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा नळकांड्याचा पापड झाला आणि टेबल दाराकडे निघालं. हाही टेबल धरून सोबत चालत गेला.

"जोर आहे," तो समाधानानं म्हणाला.

मग त्यानं पुली बदलली आणि प्रेस शहाण्यासारखी चालू लागली. मॅनेजरनं खूश होऊन मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता नोकरी जाणार म्हणून मी उगाच फडक्यानं मशीन पुसू लागलो. मेकॅनिकच्या ते लक्षात आलं असावं.

"साब, इसको अकेला मत छोडना," तो गंभीरपणे म्हणाला. "बाजू में आदमी मंगता है."

मॅनेजरनं मान डोलावली आणि तो निघून गेला. हत्यारं आवरता आवरता मेकॅनिक माझ्याकडे वाकला.

"आता एक खुर्ची मागून घे," तो म्हणाला.