वरसेच्या शेतातली खोटी हार

रोह्याच्या माणसाने मला फसवलं. शर्यतीत मुद्दाम हरून फसवलं. जिंकण्यासाठी लोक लबाडी करतात, ती मला दुरून ओळखू येते. पण कोणी हरण्यासाठी लबाडी करील असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि म्हणूनच तो सुटला.

पेणला रामवाडीत, हायवेला लागून माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. पंप, पंखे, पिठाच्या गिरणीच्या मोटरी. वडिलांनी मागे काही ठेवलं नव्हतं. दुसऱ्याच्या दुकानात जळक्या मोटरींची तार सोलत मी काम शिकलो आणि पुढे त्याच रस्त्यावर स्वतःचं शटर उघडलं. घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडी घेत नाही, आणि फुकट तर काहीच घेत नाही. फुकट देणारा माणूस पुढे आयुष्यभर आपल्याकडे कसा बघतो, ते मी लहानपणी पुरेसं पाहिलंय.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. एका दुपारी एक माणूस दुकानात आला आणि रुमालात गुंडाळलेली अंगठ्याएवढी मोटर त्याने काउंटरवर ठेवली. रोह्याला कंपनीत फिटर, राहायला शेजारच्या वरसे गावात, शिफ्ट सुटली की मोकळा.

"ही भरून मिळेल काय?"

"कसली हाय? मिक्सरची?"

"ट्रकची."

मला वाटलं चेष्टा करतोय. मी म्हटलं, "मग ट्रक कुठाय? बाहेर लावलाय?"

त्याने शांतपणे पिशवीतून ट्रक काढला. हातभर लांब, जाडजूड टायर, चारी चाकांना स्प्रिंगवाले शॉकअप, वर एरियलची काडी. जहाजावर नोकरी करणाऱ्या त्याच्या मेव्हण्याने परदेशातून सुटे भाग आणून दिले होते आणि याने ते घरी बसून जोडले होते. रिमोटवर चालणारी खेळणी मी पाहिली होती. गुळगुळीत फरशीवर चालणारी, उंबरठा लागला की रडणारी. हा ट्रक त्याने दुसरी, जुनी मोटर बसवून माझ्या दुकानासमोरच्या खडीच्या ढिगावर चढवून दाखवला. ढिगाच्या टोकावरून तो उडाला, चारी पायांवर पडला आणि रस्त्याकडेच्या गटाराच्या काठाकाठाने परत आला. वडापावच्या गाडीवरची माणसं हातातला घास विसरली. मीही विसरलो, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. आवडलेली वस्तू चेहऱ्यावर दिसली की भाव वाढतो.

मी त्याला सांगितलं, मोटर भरून देतो, मजुरी नको. त्याच्या बदल्यात मेव्हण्याला सांगून मलाही असाच एक ट्रक आणवायचा. त्याचे पैसे मी देईन, पण भाव आधी ठरवायचा.

"शेठ, एका मोटरवर एवढं?" तो हसला.

"जन्मभराच्या मोटरी," मी म्हटलं.

"जन्मभर जळतील इतक्या?"

"तुझा हात बघून वाटतंय."

तिथून तो मला शेठ म्हणायला लागला आणि मी त्याला साहेब. दोन्ही शिव्याच होत्या.

माझा ट्रक आला तो खोक्यात, सुट्या भागांत. रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही तो जोडायला बसलो. गिअरचे दात कागदाची पट्टी मध्ये घालून जुळवायचे, पट्टीवर चुण्या पडल्या पण ती फाटली नाही म्हणजे बरोबर, हे त्याने मला शिकवलं. आर्मेचरवर तारेचे किती वेढे घातले की ट्रक पळतो जोरात पण बॅटरी लवकर बसते, हे मी त्याला शिकवलं. दोघांच्या रिमोटमध्ये लहर ठरवणारे क्रिस्टल एकाच नंबरचे निघाले. मी खटका दाबला की त्याचा ट्रक पळायचा. "बघ, माझा तुझ्यापेक्षा समजूतदार हाय, तुझंही ऐकतो," तो म्हणाला. शेवटी त्याने मुंबईहून वेगळी जोडी आणली तेव्हा कुठे दोन ट्रक एका वेळी पळू लागले.

टायर झिजले तेव्हा परदेशातून यायची वाट कोण बघणार. पेणला गणपतीच्या साच्यांसाठी रबर लागतं. ओळखीच्या कारखानदाराच्या रंगाच्या कॉम्प्रेसरची मोटर मी भरून दिली, आणि त्याच्याकडून डबाभर रबर व मोडीत निघालेल्या साच्याचं प्लास्टर मिळवलं. पहिले टायर ओतले ते चाकावरून केळीच्या सालासारखे घसरायचे. कारण साच्यातून मूर्ती सुटावी म्हणून शंखजिऱ्याची भुकटी मारतात, तशी मीही त्यांचं पाहून भरपूर मारली होती. दुसरे टायर मात्र जमले. त्याच कारखानदाराने माझ्या ट्रकच्या टपाला पितांबराचा पिवळा रंग मारला आणि न सांगता बाजूने सोनेरी काठही ओढला. साहेब म्हणाला, "आता याला शर्यतीत पळवू नको, विसर्जन कर." त्याचा स्वतःचा ट्रक करड्या रंगाचा, ओरखड्यांनी भरलेला, आणि माझ्यापेक्षा नेहमी पुढे.

शर्यती आमच्या आम्हीच. कधी पेणकडे मिठागरांच्या वाटेवर, सुकलेल्या खाजणात, तर बहुतेक वेळा वरसेला त्याच्या चुलत्याच्या शेतात. भात कापून झालं की ढेकळांचं रान उरतं. त्यात बांध, उतार, वालाच्या वाफ्यांची वळणं. वाफ्यात गेलेला ट्रक बाद, हा नियम त्याच्या बायकोचा. त्या बांधावर उभ्या राहून पंच व्हायच्या. वाल त्यांचे, म्हणून त्यांचा निकाल शेवटचा.

"भावोजी, तुमचा गेला बघा माझ्या वालात."

"चाटून गेला वहिनी, गेला नाय."

"शेंग तुटली म्हंजे गेला. आणि वाद घालाल तर पोपटीला मडकं तुम्ही आणायचं."

वाद मी घालायचोच. मडकीही आणली, आणि त्यांत वालाच्या शेंगा भाजून पोपटी झाली. एकदा रागाने रिमोट बांधावर आपटला, तर साहेबाने तो उचलून फुंकर मारून परत हातात दिला. त्याचा मला जास्त राग आला.

तो जिंकायचा ते शॉकअपच्या जोरावर. शॉकअपच्या नळीत तेल असतं. ते पातळ असेल तर ट्रक उड्या मारतो, घट्ट असेल तर ढेकळं अंगावर घेतो. साहेब शिवणयंत्राच्या तेलात एरंडेल मिसळायचा. खाजणातल्या भुसभुशीत मातीला वेगळं, वरसेच्या ढेकळांना वेगळं. प्रमाण तो कोणाला सांगत नसे. मी म्हटलं, मी माझं शोधतो. उन्हाळ्यात मी खोबरेल घालून पाहिलं आणि ट्रक इतका सुरेख चालला की मी त्याला विचारलंसुद्धा नाही. मग जानेवारीत सकाळच्या थंडीत वरसेला गेलो. पहिल्याच बांधावर माझा पिवळा ट्रक लाकडासारखा ताठ होऊन उलटला, सरळ केला तर पुढच्या ढेकळावर पुन्हा उलटला. साहेबाने शॉकअप दाबून पाहिला, दाबला जाईना. झाकण उघडलं, वास घेतला आणि बायकोला हाक मारली.

"अगो, इकडं ये. शेठने ट्रकला चंपी केली."

थंडीत खोबरेल गोठतं, बाटली उन्हात ठेवावी लागते, हे आमच्याकडे प्रत्येक घरात माहीत. मलाही माहीत होतं, फक्त ट्रकच्या नळीतलं तेल आणि डोक्याचं तेल एकच आहे हे लक्षात राहिलं नव्हतं. तो हिवाळाभर मला कंगवा देत राहिला. दुकानात आला की आधी कंगवा काउंटरवर, मग नमस्कार.

अशी काही वर्षं गेली. मी त्याला एकदाही हरवलं नाही. जवळ आलो, अर्ध्या ट्रकने मागे राहिलो, एकदा बॅटरी बसली नसती तर जिंकलोही असतो. पण हरवलं नाही. माझ्या दृष्टीने तेवढंच बाकी होतं. बाकी जे हवं होतं ते मी भांडून मिळवलं होतं.

मग कंपनीने त्याची बदली गुजरातला केली. बिऱ्हाड हलवायच्या आधी तो दुकानात आला, करडा ट्रक काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "तिकडं चाळीत राहायचंय, शेत नाय, बांध नाय. हा तुझ्याकडं राहू दे."

"किंमत सांग."

"किंमत कसली? ठेव म्हणतोय."

"मी फुकट घेत नाय. सांग आकडा, मी कमी करतो."

"शेठ, जरा गप बस ना."

मी गप्प बसलो नाही. मी म्हटलं, दया करायची असेल तर देवळात जा. तो उठला, ट्रक पिशवीत घातला आणि पायरीपाशी थांबला. "मग शर्यत लावू. हरेल त्याने आपला ट्रक द्यायचा. हे तरी चालेल?"

हे चालण्यासारखं होतं. त्यात माझा पिवळा ट्रकही पणाला होता, म्हणजे व्यवहार बरोबरीचा होता. मी मोटर नव्याने भरली, नवे टायर ओतले, आणि शॉकअपमध्ये शेवटी त्याच्यासारखंच मिश्रण घातलं. प्रमाण मी चुकत चुकत शोधून काढलं होतं.

जानेवारीची सकाळ, वरसेला पोचलो तेव्हा शेतावर दव होतं. वहिनी शाल गुंडाळून बांधावर. सामान बांधून झालेलं, घरात चुलीशिवाय काही उघडं नव्हतं. शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच वळणाला करडा ट्रक डळमळला. ढेकळावरून उडाला, पाठीवर पडला. त्याने पळत जाऊन सरळ केला, पुन्हा पडला. माझा पिवळा ट्रक त्याला मागे टाकून बांध चढला, उतरला, वाफ्याला न शिवता खुणेच्या काठीपाशी पोचला. मी इतका मोठ्याने ओरडलो की पलीकडच्या शेतातली बगळ्यांची रांग उडाली. साहेबाने ट्रक उचलून माझ्या हातात दिला.

"घे शेठ. जिंकलास."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या नेहमी निकाल मोठ्याने द्यायच्या. त्या दिवशी त्या शालीचं टोक तोंडाला लावून घराकडे वळल्या. मला वाटलं, गाव सुटतंय म्हणून रडू आलं असेल.

परतताना एसटीत दोन्ही ट्रक मांडीवर घेऊन बसलो होतो. कंडक्टरने विचारलं, मुलांसाठी काय? मी म्हटलं, जिंकलेत. दुकानात येऊन करडा ट्रक शेल्फवर ठेवायच्या आधी सवयीने शॉकअप दाबला. तोपर्यंत ऊन चढलं होतं, तो मऊ होता. मग पहिल्या वळणाला का डळमळला, म्हणून झाकण उघडलं. खोबरेल होतं. चारही शॉकअपमध्ये, काठोकाठ.

ज्या माणसाने मला हिवाळाभर कंगवा दिला, तो जानेवारीच्या सकाळी चुकून खोबरेल घालेल? मी तसाच रोह्याची गाडी पकडून परत गेलो. घराला कुलूप होतं. चुलत्याने सांगितलं, दुपारच्या गाडीने गेले.

त्यानंतर फोनवर विचारलं तर म्हणाला, "घाईत हाताला आलं ते घातलं शेठ." पत्रात विचारलं तर उत्तरात पेणच्या पावसाची चौकशी. नोकरी संपवून तो आता पुन्हा वरसेला येऊन राहिलाय. आम्ही भेटतो, वहिनींच्या हातची वालाची उसळ खातो, गुडघ्यांबद्दल बोलतो. तेलाचा विषय काढला की वहिनी उठून आत जातात आणि तो चहा मागतो.

मला त्याच्याकडून ट्रक घ्यायचा नव्हता असं नाही. तो ट्रक रोज माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला हवाच होता. पण त्याने तो मला फुकट दिला, मला कळू न देता, आणि देताना माझी एकुलती एक जीत घेऊन गेला. असा सौदा माझ्या बाजूने कोणी ठरवला? मला न विचारता?

तेव्हा साहेब, हे छापून येईल आणि तू वाचशील, म्हणून इथेच विचारतो. ते तेल तू मुद्दाम घातलंस की नाही? "व्हय" म्हण नाहीतर "नाय" म्हण, आणि वहिनींना बाजूला बसवून म्हण, कारण पंच त्या होत्या. "व्हय" असेल तर चुलत्याच्या शेतात पुन्हा ये, नीट तेल घालून ये, आणि मला हरव किंवा माझ्याकडून हर. मात्र या वेळी खरा हर.