विम्याची मुदत

माझी जीभ तिखट आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण त्या दिवाळीनंतरच्या वीस दिवसांत आमच्या यांना मी जितकं बोलले, तितकं पन्नास वर्षांच्या संसारात बोलले नसेन.

यांना बहात्तरावं लागलेलं. कपाशीच्या वेचणीत यांची छाती भरून यायला लागली. शेताच्या धुऱ्यावरून चार पावलं चालले की थांबायचे आणि पऱ्हाटीची बोंडं पाहत असल्याचं सोंग करायचे. मला काय समजत नाही? ओढतच मेहकरला नेलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, कागद माझ्या हातात दिला. म्हणाले, "काकू, हृदयाची नळी बुजत आलेली दिसते. मोठ्या दवाखान्यात न्या, उशीर करू नका. सत्तरीच्या वरच्यांचं ते सरकारी विम्याचं कार्ड असेल ना? ते घेऊन जा, त्यात सगळं होईल."

कार्ड नव्हतं. काढून घेऊ, मी म्हटलं. हे घरी आल्यावर टोपी खुंटीला लावत म्हणाले, "पुढच्या जूनात पाहू."

जूनात! इकडे माणूस मोरीतून ओसरीवर येईपर्यंत दमतो, आणि जूनच्या गोष्टी करतो! "काऊन?" मी विचारलं. तर म्हणे तुरीवर फवारा मारायचा आहे. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. तिसऱ्या दिवसापासून तोंडाला कुलूप. मी आदळआपट केली, जेवण वाढलं ते न बोलता वाढलं, काही म्हणता काही फरक नाही.

एका सकाळी नळावरून बादली आणताना हे अंगणातच खाली बसले. बादली लवंडली. तोंड पांढरंफटक पडलं होतं. मी पाणी पाजलं, पदरानं वारा घातला आणि जरा रंग परत आल्याबरोबर फाडफाड सुनावलं. "मरायचं हाय काय तुमाले? तसं सांगा एकदाचं, मंग मी विचारत नाही!"

तेव्हा खाली मान घालून बोलले, "विम्याची मुदत गेली वं."

"कोणत्या विम्याची?"

"तेच ते कार्ड. पावसाळ्यात पंचायतीत शिबिर होतं ना? भोंग्यावर वरडून राह्यले होते, आज शेवटचा दिवस म्हणून. मी फवारणीत होतो. राह्यलं. आता नवीन फार्म जूनातच निघतीन."

कपाळ माझं! आमच्याकडे विमा म्हणजे एकच, पीकविमा. शेवटच्या तारखेच्या आत भरला तर भरला, एक दिवस उलटला की ते साल गेलं. यांनी आजवर एका पिकाची तारीख चुकवली नाही. आणि नेमकी स्वतःच्या जिवाची चुकली, म्हणून लाजेनं सांगत नव्हते. मला राग आला, पण त्याहून मोठी भीती वाटली. कारण खरं सांगू? मलाही तसंच वाटलं. विमा आहे म्हटल्यावर मुदत असणारच.

तरी विचारायला काय जातं, म्हणून काळीपिवळी जीपमध्ये बसून दोघं जानेफळला गेलो. तिथल्या सेवा केंद्रात एक बाई बसते, दर साली आमचा पीकविमा तीच भरते. मी दारातूनच हात जोडले. "बाई, उशीर झाला आमाले, पण काहीतरी करा."

"कशाचा उशीर, काकू?"

"मुदतीचा."

तिनं सगळं ऐकून घेतलं, यांचं आधार कार्ड पाहिलं. "अवो, याले मुदतच नाही! सत्तर भरले की कवाही या. पोळ्याले या, होळीले या. शेवटचा दिवस शिबिराचा होता, कार्डाचा नाही."

"अन् चालू कवा होईन?" यांनी भीतभीत विचारलं.

"निघालं की चालू. जुनं दुखणंबी चालते."

जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते मला त्या बाकड्यावर कळलं. मी हसत सुटले, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. आणि हसता हसताच यांना म्हटलं, "वीस दिवस माझं रगत आटवलं तुम्ही!"

मशीनला यांच्या बोटांचे ठसे सापडेनात. जन्मभर मातीत घासलेली बोटं, ठसे राहतील कुठून? मग बाईनं मोबाइल यांच्या तोंडासमोर धरला. "चेहरा घेते. बाबा, डोळे मिचकवा."

हे माझ्याकडे पाहायला लागले.

"मिचकवा ना, बाई सांगून राह्यली," मी म्हटलं.

"लोकायसमोर?"

सगळं केंद्र खदखदून हसलं. तिसऱ्या खेपेला यांनी दोन्ही डोळे घट्ट मिटून उघडले आणि काम झालं.

पुढच्या आठवड्यात मोठ्या दवाखान्यात नळीत स्प्रिंग बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर पाहायला आले, तेव्हा यांनी आपणहून मुदतीचा किस्सा रंगवून सांगितला. डॉक्टरही हसले. मग हातातला कागद पाहत म्हणाले, "बाबा, जूनचं सोडा. तुम्ही संक्रांतसुद्धा पाहिली नसती."

हे हसतच राहिले. मला हसू आलं नाही. मी पायथ्याशी बसले होते. चादरीखाली हात घातला आणि यांचा पाय धरला. चांगला गरम होता.

"काय करून राह्यली वं? लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या," मी म्हटलं, आणि पाय सोडला नाही.