आखूड शेपटीचं विमान

“याचं शेपूट आखूड आहे, भाऊ!” डगमगणारं स्टूल असो की सेठची नवी योजना, आमच्या मास्टरांचा निकाल ठरलेला.

सुरतेत बमरोलीच्या आमच्या विणकाम कारखान्यात सगळी मशीनं त्यांच्या हाताखाली. मूळचे खानदेशातले. मोडीत निघालेल्या लाकडी धोट्यातून कोरलेलं एक विमान त्यांच्या टेबलावर असे. मी माल पाठवण्याच्या खात्यात. चहाला तिथेच बसायचो आणि रोज तेच ऐकायचो. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच.

“दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनांचं विमान, ‘दोनशेदहा’. दोन इंजिनं, दोन माणसं. बॉम्ब टाकणार, वर शत्रूची विमानंही पाडणार! पहिलं उडायच्या आधीच हजाराची ऑर्डर. आणि जरा जोरात वळवलं की गरगरत खाली!”

“मग?”

“मग शेपूट लांबवलं, पंखांना पुढून पट्ट्या लावल्या. गुणी झालं, लढाईतही चाललं. पण आधी त्यात बसून गेलेले कुठून आणायचे?”

मी हसायचो. आता लाज वाटते.

कारखान्यात नवी मशीनं आली, ती सेठना दिवाळीनंतरच्या लाभपाचमेच्या मुहूर्तालाच सुरू करायची होती. त्यातलं एक बंद केल्यावरही मधूनच झटका मारतं, हे मास्टरांनी आदल्या दिवशी पाहिलं होतं.

“सेठ, महिनाभर एकच चालवून बघू.”

“मुहूर्त छे, मास्टर. बधां साथे चालू करो.”

सगळी एकदम, ठरलं. नारळ फुटला, पेढे वाटले, सगळी मशीनं धडधडू लागली.

चौथ्या दिवशी तेच मशीन बंद करून तुटलेला धागा जोडताना शहाद्याकडच्या एका कारागिराचा उजवा हात गेला.

मग काय, दुरुस्ती झाली, जाळ्या बसल्या, मशीनं सुतासारखी सरळ आली. मास्टरांना कुणी बोल लावला नाही, आणि तेच त्यांना सोसलं नाही. कारागीर जवळच भेस्तानला खोलीत एकटाच राहायचा. मास्टर रोज सकाळी कामाआधी तिथे जाऊन त्याच्या शर्टाची बटणं लावायचे. अंगात ताप असला तरी जायचे. अशी तीन वर्षं!

“तुम्ही तर सांगितलं होतं ना सेठला?” मी एकदा म्हणालो.

“सांगितलं. अन् मग नारळ मीच फोडला.”

गेल्या महिन्यात मास्टर वारले. स्मशानात तो कारागीर आला होता. शर्टाची सगळी बटणं नीट लावलेली. माझी नजर तिथेच अडकली, ते त्याच्या लक्षात आलं.

“मला केव्हाचंच जमतं, दादा, डाव्या हातानं,” तो म्हणाला. “मास्टरांना सांगितलं नाही. मग त्यांनी सकाळी जायचं कुठं?”