खोबरेलाची बाटली

पास्कू गेल्याचं त्याच्या बायकोने, मेरीने, दारात येऊन सांगितलं तेव्हा मी शाळेतल्या वह्या तपासत होतो. उरलेल्या चार तपासूनच उठलो. आज पाच आठवडे झाले... अजून काही वाटत नाही. अंत्ययात्रेला बँड होता, शवपेटीवरच्या काळ्या मखमलीला सोनेरी झालर होती, फादरांचं भाषण तर स्वर्गापर्यंत लांबलं. जन्मभर उसवलेल्या सदऱ्यात वावरलेल्या त्या सुताराला एवढ्या थाटात मी शोधत राहिलो.

मरोळ गावात आमची घरं समोरासमोर. त्याच्या सात वर्षांच्या रोझीला ताप चढला, तेव्हा तो डॉक्टरला आणायला सायकलवर अंधेरीला निघाला आणि वाटेत हातभट्टीवर थांबला. एका घोटापुरता. डॉक्टर पोचले तेव्हा पोर गेली होती. पुढे वर्षभर तो शुद्धीत नव्हता, चर्चमध्ये तर नव्हताच. शेवटी फादरांनी गावच्या क्रुसापुढचा दिवा त्याच्याकडे सोपवला. पास्कूने आपली दारूची बाटली राखेने घासली, तिच्यात खोबरेल भरलं आणि रोज तिन्हीसांजेला तो निघू लागला. दारूबंदीचे दिवस. एकदा हवालदाराने अडवलं, बूच काढून हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. पास्कू म्हणाला, "मी सोडली, सायेब. आता त्यालाच पाजतो."

मी टोमणे मारायचो. "अरे, तेलाने डाग धुतला जातो का रे? आणखी पसरतो."

"मास्तर, तुमी शिकलेले. तुमीच सांगा, माफी मिलंल का मना?"

"तुझ्या फादरला विचार." वर्षानुवर्षं हेच.

गेल्या नाताळाआधी तो माझ्या ओटीवर येऊन बसला. "मास्तर, मिलाली."

"कशावरून?"

"तेल ओतताना हात कापायचा ना माझा, रोझी गेल्यापासून? आज नाय कापला."

दारू सुटली की थरथर थांबते, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं... पण ती सुटून सहा वर्षं झाली होती. 

काल मेरी ती बाटली घेऊन आली. "रोज भांडायचात ना त्याच्याशी, मास्तर? मंग आता तुमीच जा."

गेलो. क्रुसाला हात जोडले नाहीत, खोटं कशाला? बूच काढलं, बाटली दिव्यावर तिरकी केली... दिव्यात पडलं त्याहून जास्त तेल पायरीवर सांडलं.