अस्तर नसलेली गोधडी

गोदामावशी गेली हे भगवानने फोनवर एका वाक्यात सांगितले आणि दुसऱ्याच वाक्यात विचारले, "त्या गोधडीचं काय करायचं?" भगवान माझा मावसभाऊ, तिचा एकुलता मुलगा. जिंतूरच्या एका ओळखीच्या दुकानातून तो बोलत होता. आमच्याकडे मेलेल्या माणसाचे अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत; सरणावर देतात किंवा गावाबाहेर टाकतात. "लोक म्हणायलेत, तिच्यासंगंच देऊन टाका. उशाशीच असायची की तिच्या." मी म्हणालो, ती मावशीची नाही. तो म्हणाला, "तेच तर. म्हणूनच म्हणायलोय." मी गावी पोचलो तेव्हा मावशीला नेण्याची तयारी झाली होती आणि सुमनने, म्हणजे भगवानच्या बायकोने, गोधडी घडी घालून कणगीवर ठेवली होती. सरणावर ती गेली नाही. याला आता काही आठवडे झाले. ती गोधडी कुणाची आणि ती ज्याची त्याला का पोचली नाही, हे सांगितल्याशिवाय मावशीविषयी काही सांगता येणार नाही. तिची शेवटची वर्षे त्यातच गेली.

गोधड्या गावातल्या सगळ्याच बायका शिवत, पण रंग लावून घ्यायला त्या मावशीकडे येत. लग्न ठरले, बाळंतपण जवळ आले की बाई चिंध्यांचे गाठोडे घेऊन ओसरीवर हजर. मावशी गाठोडे उलटे करी, तुकडे पसरी आणि बराच वेळ नुसती बघत बसे. तिची रीत ठरलेली होती. सगळ्यात विटलेला तुकडा आधी हाती घ्यायचा आणि त्याला शेजार शोधायचा. नवा भडक तुकडा कुठेही बसतो, विटक्याची सोय आधी लावावी लागते, असे तिचे म्हणणे. दोन तांबडे एकमेकांना लागून आले की ती हात मागे घेई. "न्हाई बाई. भांडायलेत बघ दोघं." मग मध्ये एखादा मातकट, नाही तर हळदी तुकडा येई आणि भांडण मिटे.

तिच्यासोबत शिवायला असायची कौसाबाई. कौसाबाई वस्तीवरची, बौद्ध, मावशीच्याच वयाची. दोघींनी वर्षानुवर्षे एकाच शेतात कापूस वेचला होता. शिवताना मावशी ओसरीवर बसायची आणि कौसाबाई ओसरीखाली, पायरीपाशी. तिला पाणी हवे झाले तर मावशी वरून ओंजळीत ओतायची. गोधडी मात्र दोघींच्या मांड्यांवर पसरलेली असायची; एका टोकाने ही आणि दुसऱ्या टोकाने ती, टाके घालत मध्याकडे यायच्या. हे असे का, असे तेव्हा कुणी विचारत नव्हते. जवळच्या कामाने मावशीची नजर अधू झाली होती, त्यामुळे सुया कौसाबाईच ओवून द्यायची. बोलणे अखंड चालू असायचे.

"गोदाबाई, तुमी रंग बघायलाव का सोयरीक जमवायलाव?"

"सोयरीकच हाय. ह्याच्यात हुंडा तर न्हाई."

"अन् नवराबी न्हाई. लय बेस."

यावर दोघी तोंडाला पदर लावून हसायच्या, कारण ज्ञानोबाकाका, मावशीचे यजमान, आत माजघरात पान लावत बसलेले असायचे.

तोवर कापड एकाच दिशेने गेले होते. मावशीच्या घरची जुनेरी कौसाबाई घेऊन जायची. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा उलट दिशेने आले. तिची मुलगी मंगल पहिलटकरीण होती, बाळंतपणाला माहेरी आली होती. कौसाबाईने स्वतःच्या घरच्या चिंध्यांचे गाठोडे आणून मावशीपुढे ठेवले आणि म्हणाली, "माझ्या लेकीला तुमच्या हातचे रंग पायजेत." त्यात मंगलचा शाळेतला परकर होता, कौसाबाईच्या लग्नातल्या लुगड्याचे तुकडे होते, मुलाचा फाटका सदरा होता आणि जयंतीच्या पताकांमधून उरलेले निळे कापड होते. काकांना ते गाठोडे घरात चालले नाही. मावशीने वाद घातला नाही. गाठोडे गोठ्यात नेले आणि गोठ्यातच बसून चौकोन जोडायला घेतले. निळ्यावर ती बरेच दिवस अडली होती. कुणाच्या शेजारी ठेवला तरी तो त्या रंगाला खाऊन टाकायचा. शेवटी तिने निळा मध्यावर घेतला आणि बाकीचे रंग त्याच्या भोवतीने लावले. तेव्हा गावात निळा हा रंगच होता. आणखी काही आठवड्यांनी तो नुसता रंग राहिला नाही.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्याची बातमी आली आणि मराठवाडाभर जे झाले, ते त्या गावातही झाले. पावसाने उघडीप दिली होती. दिवस मावळता मावळता वस्तीवर जमाव गेला आणि घरे पेटली. माणसे दगावली नाहीत. पोलीस आले, पंचनामा झाला. गावात कुणी काही पाहिले नव्हते. कौसाबाईचे कुटुंब अंगावरच्या कपड्यांनिशी परभणीला गेले आणि पुन्हा गावात राहायला आले नाही. काका त्या दिवशी जिंतूरला बाजाराला गेले होते, असे घरात सांगितले गेले. मावशीने ते मानले. काकांशी तिने त्याविषयी पुन्हा बोलणे काढले नाही, एवढे मला माहीत आहे.

गाठोडे गोठ्यात राहिले होते. मावशीने ती गोधडी पुरी केली, तीही एकटीने. एका टोकाचे टाके संपले की उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसायची. वरचे चौकोन सगळे कौसाबाईच्या घरचे होते. खालचे अस्तर तेवढे कमी पडत होते. गोधडीचे अस्तर मऊ लागते, अंगाशी तेच येते. आणि घरात सगळ्यात मऊ कापड म्हणजे धुऊन धुऊन विरलेले धोतर. तिने काकांचे एक जुने धोतर काढले आणि लावले. काका समोर बसून होते. त्यांनी धोतर ओळखले असणार. तरी त्यांनी अडवले नाही. गोधडी पेटीत गेली, कारण वस्तीवरच्यांचे नाव काढायचे नाही, असे काकांनी बजावले होते. ते गेले त्यानंतर, चौऱ्याऐंशीच्या सुमारास, मावशी परभणीला माझ्याकडे आली. सोबत पिशवीत गोधडी. म्हणाली, "कौसाचं घर दाव मला."

रेल्वे रुळांच्या पलीकडे कौसाबाईची पत्र्याची खोली होती. मंगलची मुलगी तोवर शाळेत जायला लागली होती. कौसाबाईने आम्हाला सतरंजीवर बसवले, चहा केला. मावशीने तिच्या घरचा चहा पहिल्यांदा प्यायला. दोघींनीही ते बोलून दाखवले नाही. मग गोधडी उलगडली. कौसाबाई एकेका चौकोनावर बोट ठेवत गेली. "हे माझं लगनातलं... ही मंगी... अगं बया, ह्याला पिस्ता रंग लावलाव व्हय. बसलाय की चांगला." निळ्यावरून तिने तळवा फिरवला. ती हसत होती. शिवणकाम करणारी बाई करते तसे तिने गोधडी उलटवली, मागचे टाके बघायला.

अस्तराच्या एका कोपऱ्यात रफू होता. पांढऱ्या धोतरावर पिवळ्या दोऱ्याचा. मावशीने तो कधी काळी ओसरीवर बसून घातला होता. पांढरा दोरा संपला होता म्हणून पिवळा घेतला, आणि धोतर नेसल्यावर तो पोटरीपाशी दिसतो म्हणून दोघी हसल्या होत्या.

"ह्या दोऱ्याची सुई मीच ओवून दिली होती तुमाला," कौसाबाई म्हणाली.

"तेच हाय ते धोतर," मावशी म्हणाली.

"तेच हाय." कौसाबाईने गोधडी मांडीवरून खाली ठेवली. "त्या दिशी मी मंगीला घिऊन कडब्याच्या गंजीआड बसले होते. माणसं वर दिसत नव्हती. पाय दिसायचे नुसते. हा रफू माझ्या म्होरून गेला, गोदाबाई. जाताना बी अन् येताना बी."

मावशी म्हणाली, "मला ठावं नव्हतं."

"ठावं नव्हतं म्हणून आनली, का ठावं होतं म्हणून?"

कौसाबाईचा आवाज चढला नव्हता. तिने गोधडीची घडी घातली, ती मावशीच्या पिशवीत ठेवली आणि पिशवी तिच्या हातात दिली. "वरचं माझं हाय. खालचं न्हाई. माझी नात त्याच्यात निजणार न्हाई," एवढेच म्हणाली आणि स्टँडपर्यंत पोचवायलाही आली. बस सुटेपर्यंत दोघी शेजारी उभ्या होत्या. ज्या माणसाबरोबर मावशीने संसार केला, तो कुठे होता हे तिला त्या दिवशी तिच्याच टाक्यांनी सांगितले.

गावी गेल्यावर तिने अस्तर उसवले आणि ते धोतर भगवानपुढे टाकले. भगवान तेव्हा वडिलांविषयी म्हणाला आणि आजही म्हणतो, "दादा जिंतूरला होते. ती बाई काहीबी सांगंल." धोतर त्याने नेऊन पाणी तापवायच्या चुलीत घातले. मावशी त्याच्याशी भांडली नाही. वरचा चौकोनांचा पदर तिने झटकून ठेवला आणि नवे अस्तर शोधायला लागली.

इथून पुढचे गावाला सहन झाले नाही. विकत आणलेले कापड तिला नको होते. "दुकानातलं कापड कुणाचंच नसतंय," ती म्हणायची. तिला गावातलेच कापड हवे होते, पण ज्या घरचा पुरुष त्या दिवशी वस्तीवर गेला नव्हता अशा घरचे. कुणी बाई रंग लावायला गाठोडे घेऊन आली की ती आधी विचारायची, "तुमच्या घरचं कोन होतं त्या दिशी?" पहिल्यांदा बायकांनी हसण्यावारी नेले. मग त्यांनी काहीबाही उत्तरे दिली. एकीचा नवरा आजारी होता, एकीचा दीर सोयऱ्यांकडे गेला होता. सगळा गाव त्या दिवशी कुठे ना कुठे गेलेला होता. मावशी ऐकून घ्यायची आणि कापड घ्यायची नाही. एका बाईने चिडून विचारले, "तुमच्या घरचं कोन होतं, ते सांगा की आदी." मावशीने काकांचे नाव घेतले. त्यानंतर तिच्या ओसरीवर गाठोडी यायची बंद झाली. माझ्या माहितीप्रमाणे त्या गावात त्या दिवसाबद्दल कुणी एखादे नाव उच्चारल्याचा तो एकमेव प्रसंग.

तिला वेड लागल्याचे भगवान मला सांगायचा. मला ती वेडी दिसली नाही. शेतात जायची, दुधाचे बघायची, कमी बोलायची. यंदा जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हा गावात पोलिसांची गाडी उभी होती आणि बाजार बंद होता. नंतर मी गावी जाऊन तिला बातमी सांगितली तर म्हणाली, "बरं झालं. कौसाला कळलं असंल." नंतर थोडे थांबून, "अस्तर न्हाई मिळालं रं अजून..." त्यानंतर आमचे बोलणे झाले नाही.

तेरावा झाल्यावर मी गोधडी घेऊन कौसाबाईकडे गेलो. मावशी गेल्याचे तिला कळले होते. ती जमिनीकडे बघत बसली होती. मी घडी पुढे केली. तिने ती उलगडली आणि उलटवली. अस्तर नसलेल्या गोधडीची मागची बाजू क्वचितच कुणी बघते; चौकोनांच्या दुमडलेल्या कडा, गाठी, सुटलेले दोरे, सगळे उघडे होते. जोड सुटले तिथे मावशीने शेवटच्या वर्षांत घातलेले काही टाके वाकडे गेले होते, एका जागी तीनदा घातलेले. नजर आणखी गेली होती आणि सुई ओवून द्यायला कुणी नव्हते.

"न्हाई मिळालं?" तिने विचारले.

"नाही."

"एवढ्या गावात?"

मला वाटले होते, आता ती गोधडी ठेवून घेईल, घरातले एखादे जुने लुगडे लावील. मंगलने तसे सुचवलेही. कौसाबाईने मान हलवली. "मी लावून काय उपेग? उघडी गोधडी देत नसतेत कुणाला, भाऊ. लावून आना. मी हाय अजून."

मी गोधडी परत गावी नेऊन दिली. सुमनला कौसाबाईचा निरोप सांगितला तेव्हा भगवान ओसरीवर बसला होता. सुमन या घरात जाळपोळीनंतर काही वर्षांनी आली. ती आत गेली, पेटीतून स्वतःची एक जुनी मऊ साडी काढून आणली, आणि ती नवऱ्यापुढे धरून तिने विचारले, "लावू का? आदी सांगा. तवा तुमी वीस वर्षांचे होताव. कुठं होताव?"

भगवान म्हणाला, "म्हशीला पानी दावायचंय," आणि उठला.

परवा मी पुन्हा गेलो होतो. मावशीच्या खोलीत दोरीवर गोधडी टांगलेली आहे, रंगांची बाजू भिंतीकडे. तिच्या शेजारी सुमनची साडी, धुऊन घडी घातलेली. सुमन म्हणाली, रोज जेवायला वाढताना ती एकदा विचारते.