मणेरणीचा कच्चा माल

रजियाबी मणेरणीबद्दल मला फारसं काही ठाऊक नाही. ही हकीकत अणदुरात घडली तेव्हा मी पाळण्यात होतो, त्यामुळं माझी साक्ष कुणी धरू नये. आईनं सांगितलं तेवढंच लिहितो.

निजामाचा अंमल होता. माझी आई अयोध्या पंधराची होती, तेव्हा तिला मी झालो. मुलगा झाला म्हणून आजोबा शरणबसप्पांनी गावभर साखर वाटली, आणि आईला अंधाऱ्या खोलीत बाजेवर टाकून सगळे विसरून गेले. आई जेवेना, बोलेना. मला बघितलं की भिंतीकडं तोंड करी. आजी गिरिजाबाईंनी लागिर ठरवून टाकलं. देवऋष्यानं येऊन दारातूनच मिरच्यांची धुरी दिली. भूत खोकलं की नाही कुणास ठाऊक, मी मात्र निळा पडेस्तोवर खोकलो म्हणे. एवढ्यानं भागेना, तेव्हा आजीनं लोहारा गावात दुसरी सून बघायला घेतली. एक बैल बसला की दुसरा बघतात तशी.

विटाळ म्हणून बाळंतिणीच्या खोलीत कुणी फिरकत नसे. बांगड्या भरायला रजियाबीला तेवढी वाट मोकळी होती. तिनं आईचा गार हात मांडीवर घेतला आणि तेल लावून चोळत बसली.

"लेकराकडं बघितलं की रडू येतंय?"

आईनं भिंतीकडचं तोंड तिच्याकडं वळवलं.

"मला बी पहिल्या खेपेला असंच झालतं. आमच्यात जिन म्हनले. बच्ची, तुमचं भूत काय, आमचा जिन काय, दोघांला बी मिरच्याच लागत्यात. जातंय हे. पर एकटीनं न्हाय जात."

मग तिनं मुद्दाम पातळ काचेच्या बांगड्या भरल्या आणि हळूच सांगितलं, "जीव गुदमरला की एक भिंतीवर आपट. मी येते."

सवाष्णीची बांगडी वाढली की लगेच भरायची, नाहीतर नवऱ्याच्या आयुष्याला धोका. सुनेसाठी आजीनं पाण्याचा तांब्या हलवला नसता, पण मुलाच्या आयुष्यासाठी ती स्वतः रजियाबीच्या दारात पळे. रजियाबी येई आणि हुकूम सोडी, "हात वाळलाय, बांगडी गळून पडंल. आधी तूप घालून शिरा आना." आई खाई. तेवढ्यात रजियाबी मला उचलून तिच्या कुशीत सरकवी आणि पुन्हा हात चोळायला घेई.

"तुझा माल लई कच्चा झालाय गं," आजी एकदा कडाडली.

"काच हाय, बाई. नको आसंल तर उठते. लेकाच्या आयुष्याचं तुमी बघा."

"बस की! उठतीस कुठं?"

एक दिवस आजीनं मला उचललं, तर बाजेवरून आवाज आला, "मान धरा त्याची! असं धरत्यात व्हय?" उलटून बोलणारी सून घरात असताना दुसरी आणायची आजीला काही छाती झाली नाही. लोहाऱ्याची सोयरीक राहिली.

आई बरी झाली म्हणून देवऋष्याला फेटा बांधला. रजियाबीला 'कच्च्या मालाची मणेरीण' असं नाव मिळालं, आणि शहाण्या बायका जळकोटच्या मणेराकडून भरून घेऊ लागल्या. तिनं कुणाला कारण सांगितलं नाही. आईनंही आजी गेल्यावरच तोंड उघडलं.

मोठेपणी रजियाबी मला रस्त्यात भेटे, तेवढंच. शेवटची भेटली ती वेशीजवळ.

"आई कशी हाय रं?"

"सकाळपासनं वरडतीया माझ्यावर, खाला."

"मंग बरी हाय. टोपी घाल, ऊन लई हाय."

"व्हय," म्हणालो.