डिकी आतून उघडत नाही

आधीच सांगते, आमच्या घरात कोणी लिंबू-मिरचीसुद्धा बांधत नाही. असले अनुभव सांगणाऱ्यांची मी तोंडावर टर उडवते. त्यामुळे हे इथे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण नवऱ्यापुढे बोलून बोलून झालं, आता तुम्ही ऐका.

आम्ही अजमानला राहतो. नवरा, मंदार, दुबईत जेएलटी भागात नोकरीला. मी घरूनच अकाउंट्सचं काम करते. मार्च संपत आलेला, थंडी गेली म्हणून स्वेटर बांधून ठेवले होते, आणि वादळाचा अलर्ट आला. पाऊस, गारा. शाळा ऑनलाइन, मंदार ऑफिसातच अडकलेला. बिल्डिंगच्या ग्रुपवर एकच घोष — गारांनी गाडीला डेंट पडतील, यल्ला, चला, सगळ्यांनी गाड्या बेसमेंटला न्या. पाणी खालीच येणार, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि आमच्याकडे सगळेच शहाणे.

दुपारी मीही निघाले. सात वर्षांच्या इराला एकटीला कशी ठेवणार, तिला मागे बसवलं. बेसमेंटमध्ये भिंतीलगतची शेवटची जागा मिळाली. उजवी दारं उघडेनात इतकी भिंत जवळ. म्हटलं, माझ्या बाजूने उतरू, इथे स्टिअरिंग डावीकडे असतं. रॅम्पवरून पाणी यायला लागलं होतं. ओसरेल पाच मिनिटांत, बूट कशाला भिजवायचे, असं म्हणून मी बसून राहिले... आणि एकदम लोंढाच आला. शेजारची छोटी गाडी तरंगत येऊन माझ्या बाजूच्या दोन्ही दारांना चिकटली. लाइट गेले.

काचा बटणावरच्या, बटणं बंद. फोनला रेंज नाही. हेडरेस्ट काढून काच फोडतात असं व्हिडिओत बघितलं होतं... निघेल तर शपथ. पाणी सीटवर चढलं तशी मी मागे गेले आणि इराला वर उचलून धरलं. पाचावर धारण बसली होती. मी गेले तरी चालेल, ही वाचू दे, एवढंच म्हणत होते. कोणाला म्हणत होते, देव जाणे.

“मम्मा, इज बाबा कमिंग?”

“हो गं राणी, येतोय.” चक्क खोटं बोलले.

तेवढ्यात मागची डिकी उघडली. गार वारा आत आला. आमच्या गाडीची डिकी आतून उघडत नाही... आणि इरा माझ्या हातातून ओढली गेली. मी सीटवरून सरपटत तिच्यामागे बाहेर पडले, तर छातीभर पाणी. काही दिसत नव्हतं. तिचं रडणं तेवढं ऐकू येत होतं, पुढे, पाण्याच्या बरंच वर. त्या आवाजामागे मी जिन्यापर्यंत पोचले.

जिन्यात टॉर्च घेऊन नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, आणि वरच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या सलमा आपा उभ्या होत्या. इरा पायरीवर बसलेली. आपांनी स्वतःची ओढणी माझ्याभोवती गुंडाळली.

“आपा, हिला कोणी आणलं?”

“कोण आणणार गो? जिना हा एकच, आणि आम्ही दोघं मघापासून इथेच. पोर एकटीच आली.”

पाणी उपसल्यावर गाडी शारजाला, इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजला नेली. मेकॅनिक म्हणाला, “भाभी, डिकी तो लॉक थी, तोडनी पडी. आप निकले किधर से?”

मंदार म्हणतो, पाण्याच्या दाबाने उघडली असेल, मग आपटून लागली असेल. असेल बाबा. मी मान डोलावते, कारण मलाही तसंच असायला हवंय. खरं काय ते मला आजही माहीत नाही. पण ज्याने कोणी माझी पोर बाहेर काढली, त्याला मी रोज मनातल्या मनात हात जोडते. मी, लिंबू-मिरचीला हसणारी.

परवा इराची वेणी घालताना सहज विचारलं, तुला कोणी उचललं होतं का गं?

“येस.”

“कोणी?”

“आय डोन्ट नो. इट वॉज डार्क.” मग थोडं थांबून म्हणाली, “आय पुट माय फेस ऑन हिज शोल्डर, मम्मा. हिज शर्ट वॉज ड्राय.”